जुन्या डिझेल जीपचे ब्रेक पेडल पहिल्या दाबाला मऊ. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढूनही फरक नाही

मखमलाबाद_मळा यांची विचारणा

सर्व सदस्यांना नमस्कार.

आमच्याकडे वडिलांनी घेतलेली २००४ सालची डिझेल जीप आहे. पुढच्या चाकांना डिस्क, मागच्या चाकांना ड्रम आणि व्हॅक्यूम बूस्टर (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणारा भाग) अशी ब्रेकची रचना आहे, एबीएस (जोराच्या ब्रेकला चाके अडकू न देणारी यंत्रणा) नाही. मळ्यातून पंचवटीच्या मार्केट यार्डापर्यंत माल नेणे आणि अधूनमधून त्र्यंबक किंवा वणीचा गड, एवढेच तिचे फिरणे. इंजिन आणि चेसिस अजून उत्तम असल्यामुळे गाडी मोडीत काढावी असे घरात कोणालाच वाटत नाही. ती बहुतेक वेळा मीच चालवते.

तक्रार अशी आहे की पहिल्यांदा दाबल्यावर पेडल मऊ लागते आणि बरेच खोल जाते. सोडून लगेच दुसऱ्यांदा दाबले, की ते वरच्या वर अडते आणि घट्ट लागते. गाडी थांबते, एका बाजूला ओढत नाही, चाकांतून आवाजही येत नाही. परंतु रस्त्यात कोणी अचानक आडवे आले, तर दोनदा दाबण्याइतकी सवड मिळणार नाही, ही धास्ती मनातून जात नाही.

मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी पुढचे डिस्क पॅड नवे घातले. हँडब्रेकचा दांडा फार वर येत होता, म्हणून त्याची केबल आवळून घेतली. मागचे ड्रम तेव्हा उघडले नव्हते. त्यानंतर हळूहळू पेडल खोल जाऊ लागले. गॅरेजमध्ये चारही चाकांच्या ब्रेक-नळ्यांतली हवा काढून झाली, पण फारसा फरक पडला नाही, आणि आता मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा भाग) बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. टाकीतल्या ब्रेक ऑईलची पातळी कमी होत नाही आणि चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसत नाही. ऑईलचा रंग गडद तपकिरी झाला आहे. ते शेवटचे कधी बदलले होते, हे घरात कोणाला आठवत नाही.

पुढच्या महिन्यात आईवडिलांना घेऊन गडावर जायचे आहे, म्हणजे नांदुरीपासूनचा घाट चढायचा आणि उतरायचा आहे. दोष नेमका कुठे आहे, हे एखादा भाग बदलण्यापूर्वी घरच्या घरी कसे ओळखता येईल? मदतीला धाकटा भाऊ आहे, जॅक, स्टँड आणि पान्यांचा संच आहे.

सातपूर_फिटर यांचे उत्तर

नमस्कार ताई. कारण सापडेपर्यंत ही गाडी रस्त्यावर काढू नका, आणि ज्या तपासण्या पुढे सांगतो त्या मळ्यातल्या सपाट जागेवर, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावूनच करा.

पेडल मऊ आहे, एवढ्या माहितीवर कोणताही भाग बदलू नये, कारण मऊपणाचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचे मूळ गाडीच्या वेगळ्या ठिकाणी असते. दाबून धरलेले पेडल पायाखाली हळूहळू बसत जात असेल, तर कुठेतरी ऑईल निसटते आहे: एक तर बाहेर गळते आहे, किंवा मास्टर सिलिंडरच्या आत रबर कपाच्या कडेने मागे परतते आहे. पेडल कितीही वेळा दाबले तरी स्पंजासारखे दबत असेल, तर नळ्यांत हवा आहे किंवा रबरी होज पाईप दाबाखाली फुगत आहेत. तिसरा प्रकार तुम्ही लिहिला आहे तो: पहिल्या दाबाला खोल आणि दुसऱ्या दाबाला वर, शिवाय घट्ट. या प्रकारात बहुतेक वेळा मागच्या ड्रममध्ये लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर) आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढलेले असते.

त्यामागची क्रिया अशी. मास्टर सिलिंडर एका दाबाला ठरावीक मापाचेच ऑईल पुढे ढकलू शकतो. लायनर ड्रमपासून लांब असतील, तर त्यातले बरेचसे ऑईल लायनर ड्रमपर्यंत नेण्यातच खर्ची पडते आणि पेडल खोल जाते. तुम्ही पाय उचलून लगेच पुन्हा दाबता तेव्हा लायनर पूर्ण मागे परतलेले नसतात, मधल्या काळात टाकीतून थोडे जादा ऑईल पुढे आलेले असते, म्हणून या वेळी अंतर लवकर भरते आणि पेडल वर लागते. हवा असली तरी पंप मारल्यावर पेडल थोडे वर येते. मात्र तेव्हा ते वर येऊनही लवचिक लागते, कारण हवा दबत राहते. म्हणून दुसऱ्या दाबाच्या शेवटी पायाला नेमके काय जाणवते, याकडे बारकाईने लक्ष द्या. तुम्ही घट्ट म्हटले आहे, त्यावरून माझा रोख मागच्या चाकांकडे आहे, पण खात्री तपासणीनेच होईल.

पहिली तपासणी हँडब्रेकची. पेडल एकदा दाबून किती खोल जाते ते पाहा आणि पाय काढून थोडा वेळ थांबा. मग हँडब्रेक घट्ट ओढून पुन्हा एकदाच दाबा. हँडब्रेकमुळे मागचे लायनर आधीच ड्रमला टेकलेले असतात. त्यामुळे पेडल या वेळी स्पष्टपणे वर लागले, तर दोष मागच्या अंतरातच आहे. फरक पडला नाही, तर दोष दुसरीकडे शोधावा लागेल. तुमच्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांच्या लायनरवर चालतो याची मात्र आधी खात्री करून घ्या. काही जुन्या जीपमध्ये तो गिअरबॉक्सच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवरच्या वेगळ्या ड्रमवर असतो, आणि तसे असेल तर ही तपासणी निरर्थक ठरते.

दुसरी तपासणी मास्टर सिलिंडरची. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. आता हलक्या, स्थिर दाबाने ते मिनिटभर धरून ठेवा. मग सोडून, पुन्हा जोराने दाबून तितकाच वेळ धरा. हे दोन्ही प्रकारे करणे आवश्यक आहे, कारण झिजलेला कप जोराच्या दाबाखाली पसरून सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो आणि तेव्हा पकड धरतो, पण हलक्या दाबाला ऑईल सोडून देतो. त्यामुळे फक्त जोराने दाबून पाहणाऱ्याला सिलिंडर निर्दोष वाटतो आणि सिग्नलला पाय ठेवून थांबलेल्या माणसाला मात्र पेडल बसताना जाणवते. पेडल दोन्ही वेळा जागेवर राहिले, तर मास्टर सिलिंडरवर पैसे घालू नका. याच वेळी पेडल दाबून धरून इंजिन चालू केले, तर ते थोडेसे खाली जाईल. तो दोष नव्हे, बूस्टर काम करत असल्याची ती खूण आहे. पुष्कळ लोक नेमके याच ठिकाणी घाबरतात.

मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला जोडलेला असतो, त्या सांध्याखालीही टॉर्च लावून पाहा. तिथला रंग सुटून पापुद्रे निघाले असतील, तर मागच्या सीलमधून ऑईल झिरपत आहे. तुमची पातळी कमी होत नाही म्हणता, त्यामुळे ही शक्यता कमी आहे, तरी पाहून घ्यावे.

आता केबलविषयी, कारण तुमच्या लिखाणातली सर्वांत महत्त्वाची ओळ मला तीच वाटली. लायनर झिजले की अंतर वाढते आणि हँडब्रेकचा दांडा वर येऊ लागतो. त्यावरचा योग्य उपाय ड्रमच्या आतला ॲडजस्टर फिरवून अंतर कमी करणे हा आहे. तसे न करता केबल आवळली, तर दांडा खाली येतो, परंतु लायनर आपल्या मूळ टेकण्याच्या जागेवरून उचललेले राहतात. ज्या गाड्यांत ॲडजस्टर आपोआप फिरतो, त्यांत त्याची हालचालच थांबते. पुढे लायनर झिजत जातात, अंतर वाढत जाते आणि पेडल खोल जाऊ लागते. हवा कितीही वेळा काढली तरी यात फरक पडण्याचे कारण नाही.

दोन्ही तपासण्यांचे निकाल इथे लिहा, मग पुढचे सांगतो.

नाशिकरोड_चालक यांचे उत्तर

ताई, माझ्या जुन्या गाडीचे पेडल असेच मऊ झाले होते आणि मास्टर सिलिंडर नवा बसवल्यावर तक्रार पूर्ण गेली. वीस वर्षांच्या गाडीत तो भाग कधी ना कधी बदलावाच लागणार आहे. आईवडिलांना घेऊन घाटात जायचे असताना तपासण्यांत वेळ घालवण्यापेक्षा नवा सिलिंडर आणि नवे ऑईल घालून निश्चिंत व्हावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

सातपूर_फिटर यांचे उत्तर

आपल्या गाडीत दोष त्या सिलिंडरमध्येच असेल आणि तो बदलल्याने गेला, याबद्दल मला शंका नाही. परंतु ताईंच्या गाडीत लायनरचे अंतर वाढलेले असेल, तर नवा सिलिंडरही एका दाबाला तितकेच ऑईल ढकलणार आणि पेडल तितकेच खोल जाणार. शिवाय नवा सिलिंडर गाडीवर चढवण्यापूर्वी शिकंज्यात धरून, त्यात ऑईल भरून, आतली हवा काढून घ्यावी लागते. ती पायरी गाळली, तर आत अडकलेली हवा चाकांजवळच्या निप्पलमधून (हवा काढण्याच्या स्क्रूमधून) सहजासहजी निघत नाही, आणि पूर्वी नसलेला स्पंजासारखा मऊपणा नव्याने मागे लागतो. मग मूळ दोष कोणता आणि नवा कोणता, हे ओळखणे फार अवघड होऊन बसते. ब्रेकच्या कामात एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा तपासावे, हा माझा आग्रह वयामुळे नाही, अशा गुंत्यात सापडलेल्या गाड्या उलगडताना तो पक्का झाला आहे.

मखमलाबाद_मळा यांचे उत्तर

काका, आपण सांगितल्याप्रमाणे भावाच्या मदतीने दोन्ही तपासण्या केल्या. आमचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालतो, हे गाडीखाली पाहून खात्री केली. हँडब्रेक ओढल्यावर पेडल पहिल्याच दाबाला पुष्कळ वर लागले. फरक इतका होता की मोजपट्टी लावण्याची गरजच पडली नाही. इंजिन बंद ठेवून हलक्या आणि जोराच्या, दोन्ही दाबांना पेडल मिनिटभर जागेवर राहिले. बूस्टरच्या सांध्याखाली कोरडे आहे आणि रंग शाबूत आहे.

त्यानंतर मागचा भाग स्टँडवर घेऊन ड्रम उघडले. डाव्या बाजूचा ॲडजस्टर गंजून पूर्ण बसला होता, उजव्याचा जेमतेम फिरत होता, आणि दोन्ही ड्रममध्ये बारीक काळी धूळ आणि मळ्यातली माती घट्ट बसली होती. लायनर झिजले आहेत, पण रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत पोहोचलेले नाहीत. व्हील सिलिंडरच्या (ड्रमच्या आत लायनर बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबरी टोपणांची कड किंचित उचलून पाहिली. आत ओल नाही. ड्रमच्या कडेला बोटाला लागेल अशी धार तयार झाली आहे. ॲडजस्टर सोडवून काम पुढे नेण्यापूर्वी क्रम कोणता ठेवावा, हे कृपया सांगावे. मागच्या एक्सलवरच्या होज पाईपला वाकवल्यावर बारीक भेगा दिसतात, हेही नोंदवते.

सातपूर_फिटर यांचे उत्तर

ताई, निदान झाले. आता काम घाईने करू नका.

ड्रममधली धूळ फुंकर किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ श्वासातून आत जाता कामा नये. तोंडाला मास्क लावून, ब्रेक क्लीनरने ओले करून फडक्याने पुसून घ्या. ॲडजस्टर सोडवून त्याचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा आणि उष्णता सोसणारे ग्रीस अगदी बेताने लावा. लायनरला त्याचा स्पर्श होऊ देऊ नका.

त्यानंतर सर्वांत आधी हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करा. हा क्रम उलटा झाला, तर सगळे पुन्हा पहिल्या जागी येईल. केबल ढिली असताना दोन्ही लायनर आपापल्या जागी नीट टेकलेले आहेत याची खात्री करून ड्रम चढवा, ॲडजस्टर फिरवत चाक जड होईपर्यंत आणा, मग चाक हाताने मोकळे फिरेल आणि फार तर किंचित घासल्याचा आवाज येईल इतके मागे घ्या. दोन्ही चाके सारखी झाल्यावर पेडल काही वेळा दाबा आणि पुन्हा एकदा पाहून घ्या, कारण दाबल्यावर लायनर मध्यावर येतात आणि अंतर थोडे बदलते. केबलचा ताण सर्वांत शेवटी द्या.

भेगा पडलेला होज पाईप बदलाच, आणि पुढचे दोनही त्याच वयाचे असतील तर तेही बदला. बाहेरून भेगा दिसतात तेव्हा आतल्या थरांवरही विश्वास ठेवता येत नाही. भावाला पेडल जोराने दाबायला सांगून होज पाईप मुठीत धरून पाहा; तो हाताला फुगलेला जाणवला, तर अंतर दुरुस्त झाल्यावरही पेडलच्या शेवटी जो थोडासा लवचिकपणा उरला असता, त्याचे कारण तेच आहे.

पाईप बदलल्यावर सगळे जुने ऑईल काढून टाका. ब्रेक ऑईल हवेतली आर्द्रता शोषत राहते आणि जितके पाणी शोषते तितका त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मानकाप्रमाणे डॉट ३ प्रकाराचा कोरड्या अवस्थेतला उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १४० अंश. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. गडाच्या किंवा कसाऱ्याच्या उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला, तर कॅलिपर (पुढच्या डिस्कवर पॅड दाबणारे भाग) तापतात, जुने ऑईल उकळून त्याची वाफ होते, आणि वाफ दबते म्हणून पेडल एकाएकी तळाला जाते. खाली उतरून गाडी थंड झाल्यावर तेच पेडल पुन्हा ठीक लागते, त्यामुळे दोष कोणाला सापडत नाही. टाकीच्या झाकणावर जो प्रकार लिहिला असेल तोच वापरा; डॉट ३ लिहिले असेल तर डॉट ४ चालते, मात्र सिलिकॉनवर आधारित डॉट ५ यात कधीही मिसळू नये. बाटली नवी, सीलबंद घ्या. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर तिथला रंग जाईल.

हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे आणि मास्टर सिलिंडरही त्याच बाजूला असल्यामुळे या रचनेत साधारणपणे आधी डावे मागचे, मग उजवे मागचे, त्यानंतर डावे पुढचे आणि शेवटी उजवे पुढचे असा क्रम येतो. गाडीचे पुस्तक वेगळे सांगत असेल तर तेच प्रमाण माना. मागच्या एक्सलला जोडलेला भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह तुमच्या जीपला असेल, तर एक्सल लोंबकळत ठेवून हवा काढू नका. गाडीचे वजन चाकांवर असू द्या, अन्यथा तो व्हॉल्व्ह मागच्या चाकांकडे जाणारे ऑईल रोखून धरतो.

आणखी एक काळजी जुन्या सिलिंडरसाठी घ्या. रोजच्या वापरात त्याचा पिस्टन अर्ध्याच अंतरात फिरतो. उरलेल्या भागात गंज आणि मळ साचलेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले, तर कप त्या खरखरीत भागावर घासून फाटतात आणि चांगला सिलिंडर त्याच दिवशी निकामी होतो. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा आणि भावाला सावकाश दाबायला सांगा. निप्पल बंद झाल्यावरच त्याने पाय उचलायचा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

अंबड_लेथ यांचे उत्तर

काकांनी सगळे सविस्तर लिहिले आहे, मी फक्त ड्रमविषयी भर घालतो, कारण धार आली आहे असे आपण लिहिले आहे. ड्रमवर जास्तीत जास्त चालणारा आतला व्यास बहुतेक वेळा कोरलेला असतो. गंज घासल्यावर तो वाचता येतो. व्यास आडवा-उभा अशा दोन दिशांनी मोजा. दोन मापे वेगळी आली, तर ड्रम लंबगोल झाला आहे. कोरलेल्या मर्यादेच्या आत असेल तरच लेथवर घ्या, आणि एका एक्सलचे दोन्ही ड्रम एकत्र आणून एकाच व्यासाला फिरवून घ्या, नाहीतर गाडी एका बाजूला ओढू लागेल.

मर्यादेपलीकडे गेलेला ड्रम फिरवून देऊ नये, असे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, जरी त्यामुळे काम हातचे जात असले तरी. तो पातळ होतो, लवकर तापतो, आणि त्याची गोलाई मोठी झाल्यामुळे नवे लायनर फक्त मध्यभागी टेकतात. दाब वाढला की शू (लायनर ज्यावर बसवलेले असते ती धातूची कमान) वाकतो आणि सगळे योग्य जोडूनही पेडल मऊच लागते. नवे लायनर घालणार असाल, तर ड्रमसोबत शूही आणा, म्हणजे लायनरची गोलाई ड्रमला जुळवून घासून देता येते. त्यानंतर पहिले काही दिवस रिकाम्या गाडीने, कमी रहदारीच्या सपाट रस्त्यावर बेताचे ब्रेक लावत लायनर बसू द्यावेत, मग एकदा ॲडजस्टर पुन्हा पाहावा, आणि पेडल थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत पहिल्याच दाबाला सारख्याच उंचीवर लागते याची खात्री झाल्यावर नांदुरीचा घाट घ्यावा. उतरताना दुसऱ्या किंवा गरज पडल्यास पहिल्या गिअरमध्ये राहावे, म्हणजे गाडी रोखण्याचे बरेचसे काम इंजिन करील.